अर्जाची पोच

प्रिय बडबडे,

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून तू हे पाकीट तसंच बाजूला ठेवशील, असं वाटतंय. ठेव, पण फाडू नकोस. फाडण्याचं काम मी एकदा करून बसले आहे, ते पुढे सांगते.

काल तुझी लेक आमच्या कारखान्यात मुलाखतीला आली होती. तू पाठवलीस की तुला न सांगता आली, ठाऊक नाही. आडनाव वाचूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. ती हसली, डाव्या गालाला तुझी खळी पडली, तेव्हा ओळख पटली. बाहीची शिलाई तिने बघता बघता करून दाखवली. हात तुझाच आहे. शेवटी नेहमीप्रमाणे, तुला काही विचारायचंय का, असं मी म्हटलं. मुली पगार विचारतात, सुट्ट्या विचारतात. हिने विचारलं, की बाथरूमला जायला इथे अजून टोकन लागतं का.

लागतं. चाळीस बायकांच्या ओळीला दोन टोकनं, सुपरवायझरच्या टेबलाजवळच्या खिळ्याला अडकवलेली. ही अक्कल माझी, हे तुला कधी सांगितलं नाही. मनुष्यबळ विभागात नवीन लागले होते, साहेबांपुढे हुशारी दाखवायची होती. आम्हा ऑफिसातल्यांना टोकन नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. त्या ओळीत मशीनवर बसणारी तू मात्र दिवसभर पाणी प्यायचंच सोडलंस. डब्याच्या सुट्टीत माझ्याशेजारी बसायचीस आणि भरलेली बाटली तशीच घरी न्यायचीस. उंटीण झालीस म्हणून मी तुला चिडवायचे. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मग टोकनं बंद करा, असा तू अर्ज लिहिलास. दोन प्रती केल्यास, कारण शाळेपासून तुला प्रत्येक गोष्टीची जास्तीची प्रत ठेवायची खोड. तुझ्या जास्तीच्या वह्यांवरच मी शाळेची वर्षं काढली. एक प्रत माझ्या हातात दिलीस आणि दुसरीवर मिळाल्याची सही मागितलीस. मी हसले. आपल्यात कसली सही, एका बाकावरच्या आपण, असं म्हणून तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू ओशाळलीस, उलट माझीच माफी मागितलीस. संध्याकाळी साहेबांनी काही तक्रारी आहेत का विचारलं, तेव्हा मी नाही म्हणाले आणि अर्ज फाडून टाकला. महिन्याभरात तू मूत्रपिंडाच्या दुखण्याने दवाखान्यात पडलीस. भेटायला न येता मी राजीनाम्याचा छापील फॉर्म पाठवला, प्रकृतीच्या कारणास्तव असं आधीच लिहून. तू सही केलीस. तू सही करायला कधी आढेवेढे घेतले नाहीस.

काल साहेबांनी तुझ्या लेकीच्या कागदावर शेरा लिहायला सांगितला, की फार प्रश्न विचारते, नको. मी पेन उघडलं होतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं, बरंच झालं, ही तरी वाचेल. मग आठवलं, तुलाही मी असंच दाराबाहेर काढून वाचवलं होतं. शेरा लिहिला नाही. टोकनं काढा, असं साहेबांना सांगितलं. त्यांनी तक्रारींची फाइल माझ्यापुढे सरकवली. सात वर्षांत एकही तक्रार नाही, मग काढायची कशाला, असं म्हणाले. ती फाइल मीच ठेवते.

म्हणून हे पत्र. माफी मी समोर येऊन मागेन, तू दार उघडलंस तर. आत्ता मागते आहे ती तुझ्याकडची दुसरी प्रत. तू ती टाकली नसशील, मी ओळखते तुला. लेकीबरोबर पाठव. त्या प्रतीवर मी त्या दिवसाची तारीख घालीन, अर्ज माझ्या हातात केव्हा आला आणि मी त्याचं काय केलं ते लिहीन, आणि साहेबांच्या टेबलावर ठेवीन. माझी नोकरी जाईल कदाचित, जाऊ दे. खाली सही करीन, सात वर्षांपूर्वी तू मागितली होतीस ती.

तुझीच,
बाकावरची शेजारीण