दावणीची गाय

आई, परवा गावी गेले होते. गुरचरणावर आता गोदामं आहेत, आणि उरलेल्या तुकड्यासाठी ग्रामपंचायतीत जुन्या हक्कदारांच्या वारसांची नावं नव्याने लिहून घेत होते. मीही रांगेत उभी राहिले. कारकुनाने जुन्या यादीत आजोबांचं नाव शोधलं. त्यावर आडवी रेघ, पुढे शेरा: ‘जनावर नाही’. “ताई, तुमचं घर तेव्हाच वगळलंय,” तो म्हणाला. ती रेघ मारली गेली तेव्हा मी शेजारीच उभी होते.

आणीबाणीचं वर्ष होतं, मी सातवीत होते. बाबा गेलेले, म्हैस त्यांच्या आजारपणात विकलेली. चराईचा हक्क पिढीजात, पण ज्याच्या दावणीला जनावर असेल त्याच घराचं नाव नव्या यादीत चढणार, असं तलाठी भाऊसाहेबांनी कळवलं होतं. हक्क टिकला तर तू कुणाची तरी पारडी अर्ध्या वाट्याने वाढवायला घेणार होतीस. दुसरं काही आपल्याजवळ नव्हतंच. म्हणून शेजारच्या काकीची तांबडी गाय तू आणून बांधलीस. तशी ती त्या दिवशी पुष्कळांनी बांधली. ती एकच गाय मागच्या परसांतून भाऊसाहेबांच्या पुढे पुढे घरोघर चालत होती आणि अख्खा गाव गंभीर चेहऱ्याने बघत होता.

भाऊसाहेब आपल्या दारात येतात. गाय काकीच्या घराकडे मान वळवून दोर ताणते आहे. “हिला मघाशी कुठंतरी पाहिली मी,” ते म्हणतात. काकी लगेच म्हणते, “गाईसारखी गाय दिसायचीच, भाऊसाहेब. तुमी तरी मागल्या तलाठ्यापरीस कुठं येगळे दिसता?” सगळे हसतात, भाऊसाहेबही. मग माझ्याकडे वाकून विचारतात, “शाळेत जातेस ना? तूच सांग, गाय कोणाची?” तू माझ्याकडे बघतही नाहीस, इतकी तुला खात्री आहे. मी म्हणते, “काकीची.”

“आगं, जीभ हाय का कोयता!” काकी ओरडली. भाऊसाहेब गेल्यावर मी रडू लागले, तर तू गाय सोडता सोडता एवढंच म्हणालीस, “खरं बोललीस न्हवं? मंग रडतेस कशाला?” महिन्याभरात तू भिवंडीत लूमच्या कारखान्यात कांड्या भरायला जाऊ लागलीस. माझी शाळा चालू राहिली. संध्याकाळी तू यायचीस तेव्हा केसांत सुताचा भुसा असायचा. पुढे खोकला लागला, तो मी कॉलेजात असताना तुला घेऊनच गेला. पण कारखान्यातल्या बायकांना तू माझी ओळख एकाच गोष्टीने करून द्यायचीस: “हिनं घराचा हक्क घालवला, पन खोटं न्हाय बोलली. माजी पोर तशीच हाय.” मी खाली बघायचे. त्यांना तो लाजाळूपणा वाटायचा.

आई, आदल्या दिवशी मी परसात भांडी घासत होते. तू आत काकीला सांगत होतीस, पारडी आली की पोरीची शाळा बंद, गुरामागं कुणीतरी पायजे. गाय कोणाची असं कुणी विचारलंच, तर द्यायचं उत्तर मी तेव्हाच ठरवून ठेवलं होतं. तू ते ओळखलं होतंस का, मला अजून कळलेलं नाही. परवा रांगेतून बाहेर पडताना काकीची सून भेटली. “तुमीच न्हवं त्या, खरं बोललेल्या?” तिने कौतुकाने विचारलं, आणि मी हो म्हणाले.