घराचे सुटे

ता. ३ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
आईचे अ. उ. आ.

फोनवर तू रडतेस आणि मी विरघळते, म्हणून यावेळी पत्र. पत्रावर खुशाल रड, माझी शाई पक्की आहे.

तर ऐक. घर विकलं. विकायचा विचार चाललाय असं नव्हे, विकलं! महिनाअखेरीला किल्ल्या द्यायच्या. गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर दीड खोली घेतली आहे. पूर्वेला भलीमोठी खिडकी आहे आणि त्या खिडकीत माझं शिलाई मशीन बसणार आहे.

चार खोल्या झाडता झाडता माझा दिवस मावळतो गं. जिथे कुणी झोपत नाही तिथलीही जळमटं काढायची, ती कुणासाठी? वेळ नाही म्हणून गिऱ्हाइकांना परत पाठवते मी. आणि जेवायला बसावं तर तुझ्या बाबांनी केलेलं ते आठ जणांचं टेबल. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मी. सवयीच्या खुर्च्या सुटत नाहीत. मीठ हवं असेल तर माणसाने उठून यायचं!

तुझी तारा तुटलेली गिटार आणि माळ्यावरच्या दोन पेट्या रविवारपर्यंत घेऊन जा, नाहीतर भंगारवाल्याला देईन. धमकीच समज.

जावईबापूंना आशीर्वाद. रागावलीस तरी चालेल, पण पत्र पाठव.

तुझी,
आई


ता. ९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. विचारलंस का गं कुणाला? धाकट्याला तर पत्ताच नाही. तो परदेशातून सुट्टीत आला की उतरायचं कुठे, तुझ्या मशीनवर? सरळ सांगते, आई, तू घर मोडायला निघाली आहेस. या वयात माणसं घर धरून बसतात आणि तुला मोडायची घाई!

गिटार दे भंगारात, पेट्याही दे. पण टेबल? त्याच्या कोपऱ्यावर मी कर्कटकाने कोरलेली मांजर आहे. तेव्हा तू मला धोपटलं होतंस आणि बाबा म्हणाले होते की मिशा बऱ्या जमल्यात.

तुला कधी सांगितलं नाही. इथे सासूबाई टोचून बोलल्या की मी आमच्या खोलीत जाऊन दार लावते आणि मनातल्या मनात त्या टेबलापाशी येऊन बसते. ती एकच जागा मला माझी वाटते, आणि तीच तू विकलीस. टेबलाला हात लावलात तर बोलणार नाही मी तुमच्याशी.

बाबांना नमस्कार. लोभ आहे, पण सध्या फुगून बसलाय.

तुझी,
भिंगरी


ता. १५ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
आईचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी रडले. मग डोळे पुसले आणि टेबलाला हात लावला.

घर मोडलं म्हणतेस ना? अगं, शंभराची नोट मोडली तर शंभर जातात का कुठे? सुटे होतात. मोठी नोट घेऊन फिरावं तर जो तो म्हणतो, सुटे द्या. इतकी वर्षं ती नोट मी मुठीत धरून फिरले, पण तिचा एक कप चहा काही मिळाला नाही मला.

टेबल नव्या दारातून आत जाईना. घर घेणारे टेबलाचीही चांगली किंमत देत होते, पण आमचे सुतारमहाराज बधले नाहीत. त्यांनी करवत उचलली, ठेवली, पाणी प्यायला गेले. पुन्हा उचलली, पुन्हा पाणी. शेवटी मीच म्हटलं, धरा तिकडून, मी धरते इकडून. आणि आम्ही दोघांनी कापलं! कापताना यांचे डोळे भरले होते. भुसा गेला म्हणाले. मी मान्य केलं.

तुम्हा पोरांची दप्तरं त्या टेबलावर आणि मी कापड बेततेय जमिनीवर, गुडघे टेकून. अशी गेली माझी वर्षं. आता त्यातलं अर्धं टेबल उंच पायांवर चढलंय. उभी राहून, ताठ मानेने कापते मी. उरलेल्याचं छोटं टेबल केलंय दोघांपुरतं. मीठ हात लांबवला की मिळतं.

तुला परत यायला जागा हवी, हे कळलं मला. पण त्यासाठी मी रिकाम्या खोल्या झाडत बसणार नाही. तुला पार्सल येईल, कात्री जपून चालव.

फुगलेला लोभ फुटला की कळव.

तुझी,
आई


ता. २४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल आलं. स्टूल! वर माझी मांजर, मिशांसकट. आधी रागाने पायानेच कोपऱ्यात सारलं. रात्रभर झोप लागेना म्हणून सकाळी लवकर उठले आणि ओल्या फडक्याने पुसलं. आता ते स्वयंपाकघरात मधोमध आहे.

काल सासूबाईंनी विचारलं, हे पायात येणारं लाकूड कशाला? मग नेहमीप्रमाणे माझ्या माहेरच्या वळणावर घसरल्या. मी खोलीत गेले नाही, आई. स्टुलावर बसले आणि म्हटलं, हे माझं आहे, इथेच राहील, आणि माझ्या आईबद्दल असं बोललेलं मी ऐकून घेणार नाही. माझा आवाज कापत होता, पण शेवटपर्यंत बोलले. सासूबाईंनी माघार घेतली, स्टुलाला वळसा घालून गेल्या. पहिल्यांदाच!

रविवारी येते, पण गिटार न्यायला नाही, माप द्यायला. मला एक ड्रेस शिव, तुझ्या मर्जीचा. आणि बाबांना सांग, मिशा अजून बऱ्या दिसतात.

लोभ फुटून सगळीकडे सांडलाय, तेवढा भरून घे. तुझ्या दीड खोलीत बसायला जागा नसेलच. माझी मी घेऊन येते.

तुझी,
भिंगरी