आत्तींच्या गुडघ्यांचा घसारा

१४ जून १९९८, रविवार
आत्तींनी आज संप पुकारला. रात्री जेवताना लेकाच्या ताटात भाकरी टाकता टाकता म्हणाल्या, "एक तारखेपास्नं मला पगार पायजे."
प्र.चा घास हातातच राहिला. "कसला पगार, आई?"
"तुझं पोरगं संबाळायचा."
चूक माझीच. काल मी प्र.ला ऑफिसातलं सांगत बसले होते. आमच्या अशिलाच्या, दादासाहेबांच्या फौंड्रीत नवीन मशीन घेतलंय, ते वापरून झिजतं म्हणून दरवर्षी त्याच्या किमतीतला काही भाग खर्चात धरायचा, त्याला घसारा म्हणतात, तेवढा टॅक्स कमी लागतो वगैरे. आत्ती बंटीला मांडीवर घेऊन झोपवत होत्या. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही.
"लोखंड झिजलं तर सरकार सूट देतंय. माझं गुडघं ह्या पोराच्या मागं पळून पळून झिजलं, त्येचा घसारा कोण देणार?"
प्र. म्हणाला, "घरच्या माणसानं पगार मागायचा व्हय?"
"मग घरच्या माणसाला गुडघं नसत्यात?"
प्र. ताटावरून उठला. आत्तींनी त्याची उरलेली भाकरी शांतपणे खाल्ली.

१६ जून
वकीलसाहेबांना विचारलं. एवढी वर्षं त्यांच्याकडे लोकांचे रिटर्न भरतेय, एक प्रश्न स्वतःसाठी विचारला तर काय बिघडलं? कामाला जाणाऱ्या बाईनं पोर सांभाळायला पैसे दिले तर त्याची सूट मिळते का?
साहेब इतके हसले की बशीतला चहा सांडला. "घसारा मालमत्तेवर असतो, सुनंदाबाई. सासू मालमत्तेत धरत नाहीत!"
मीही हसले. बसमध्ये बसल्यावर मात्र राग आला. ट्रक झिजतो ते चालतं, पंप झिजतो ते चालतं. मी नऊ तास ऑफिसात बसू शकते ती कुणाच्या जिवावर? तसा माझा पगार टॅक्सात बसत नाहीच, सूट मिळून मला काय मिळणार होतं? पण कायद्यात एक ओळ तरी असायला हवी होती. रागच येतोय. जाऊ दे.

२ जुलै
माझ्या पगारातले दोनशे पाकिटात घालून आत्तींना दिले. त्यांनी पाकीट डोळ्यांना लावलं, देवापुढं ठेवलं. प्र. पेपर वाचत होता, म्हणजे पेपर धरून बसला होता.

५ जुलै
आत्ती शेजारच्या काकूंना घेऊन मिसळ खाऊन आल्या! हॉटेलात! साठी आली तरी हॉटेलच्या बाकड्यावर कधी बसल्या नव्हत्या. "कट दोनदा मागून घेतला," म्हणाल्या. ओठ लाल, डोळ्यांत पाणी, आणि तोरा असा की जणू कुस्तीची गदा जिंकून आल्या. प्र.लासुद्धा हसू आवरलं नाही. घरात तीन आठवड्यांनी हसण्याचा आवाज.

११ ऑगस्ट
दादासाहेबांच्या फौंड्रीत गेले होते हिशेबाला. शिरोलीला जाईपर्यंत निम्मा जीव बसमध्येच जातो.
मालकांचं नेहमीचं. "टॅक्स लई बसतोय, सुनंदाताई. काय तरी खर्च सुचवा."
मी कोअर शॉपमध्ये गेले. तिथं सगळ्या बायकाच. तेल घातलेल्या वाळूचे साचे करायचे, भट्टीत भाजायचे. कोपऱ्यात वाळूच्या रिकाम्या पोत्यांवर त्यांची पोरं. एकाला लुगड्याच्या पट्टीनं खांबाला बांधलेलं. रुक्मिणी म्हणून एक आहे, हात सगळ्यात चपळ. तिची तीन वर्षांची मुलगी हाताला फडकं बांधून झोपलेली. काल नुकत्याच ओतलेल्या गरम कास्टिंगवर हात ठेवला म्हणे. सगळा तळहात.
रुक्मिणी माझ्याकडं न बघताच म्हणाली, "सोडतोय मी काम. हिला कुठं ठिवू, ताई?"
मला काय झालं कुणास ठाऊक. तशीच मालकांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, खर्च सुचवते. पाळणाघर काढा.
"खर्चात बसतंय ते?"
"बसतं."
"कायद्यानं करायलाच पायजे का?"
"तीसच्या वर बायका असल्या तरच सक्ती, तुमच्याकडं तेवढ्या नाहीत. पण रुक्मिणी गेली तर तुमचे साचे कोण करणार? बायका टिकाव्यात म्हणून केलेला खर्च धंद्यासाठीच झाला की."
मालक माझ्याकडं बघतच राहिले. मीही मनातून घाबरले होते. वकीलसाहेबांना न विचारता बोलले.

२४ ऑगस्ट
मालक तयार!! जुनं स्टोअर रिकामं करून देणार. वकीलसाहेब कुरकुरले, पण "बघू" म्हणाले. त्यांचं "बघू" म्हणजे हो.
पोरं सांभाळायला भरवशाची बाई पाहिजे. मी आत्तींचं नाव सांगितलं. बंटीही तिथंच जाईल.
घरी येऊन सांगितलं तर आत्तींनी आधी गुडघे चोळले. मग म्हणाल्या, "पगार किती? सुट्टी कवा? जोतिबाच्या यात्रेला मी येणार न्हाय, आधीच सांगून ठेव."

१ सप्टेंबर
आत्ती कामावर गेल्या. नेसरीच्या माहेरचं हिरवं लुगडं, डबा, एका हाताला बंटी. प्र. स्वतःच्या शिफ्टला उशीर करून त्यांना बसमध्ये बसवून आला.  बसवून आलास तेवढं पुरे, बाबा.
संध्याकाळी आत्तींनी सगळं साभिनय सांगितलं. वेल्डरनं अँगल जोडून दिलेत, त्याला लुगड्यांचे पाळणे टांगलेत. भट्टीतलं लोखंड ओततात तेव्हा दार लावून घ्यायचं. रुक्मिणीच्या पोरीनं आत्तींचं बोट दिवसभर सोडलं नाही.
आणि हजेरीपत्रकावर त्यांचं नाव! तिसरीपर्यंतची शाळा, पण सही स्वतःची केली. "अक्षार वाकडं आलं. पण माझंच हाय."

१९ ऑक्टोबर १९९९
बऱ्याच महिन्यांनी वही उघडली. वेळच नाही, रिटर्नचा सीझन. सगळं बरं आहे म्हणूनही असेल. रुक्मिणी टिकली, आणखी दोघी कामाला आल्या. साचे कमी फुटतात म्हणून मालक कोल्हापूरभर सांगत सुटलेत की पाळणाघराची कल्पना त्यांचीच. असू दे.

२८ नोव्हेंबर २०००
वाईट बातमी. दादासाहेबांचं रिटर्न तपासणीला लागलं. अधिकाऱ्यांनी पाळणाघराच्या खर्चावरच बोट ठेवलंय. सक्ती नसताना केलाच कशाला, आणि धंद्याशी त्याचा संबंध काय.
वकीलसाहेब माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "कायद्याची सक्ती नाही, आणि पगार कुणाला, तर माझ्याच क्लार्कच्या सासूबाईंना. कसं दिसतं हे?"
कसं दिसतं ते मला कळतं. 
मालक फोनवर एवढंच म्हणाले, "नामंजूर झालं तर कुलूप लावणार. मी काय धर्मशाळा काढल्याली न्हाय." आत्तींना अजून सांगितलेलं नाही.

१४ जानेवारी २००१, संक्रांत
उद्या सुनावणी. शेवटी आज आत्तींना सांगितलं. बंद पडलं तर रुक्मिणी आणि बाकीच्यांचं काय, सगळं बोलले.
त्यांनी तिळाच्या वड्या पाडायचं काम थांबवलं नाही. "काय मागितलंय साहेबांनी?"
"पाळणाघर खरंच चालतं याचा पुरावा."
"बरं," म्हणाल्या. मला वाटलं, मी कागदपत्रांचं म्हणतेय हे त्यांना समजलं.

१५ जानेवारी, सोमवार
कितीही उशीर झाला तरी आजच लिहायचं.
अकरा वाजता आम्ही अधिकाऱ्यांसमोर. वकीलसाहेबांचा पांढराशुभ्र शर्ट, मी मागं फाइली घेऊन. अधिकारी शांत माणूस. पानं उलटत म्हणाले, "पावत्या आहेत, पगारपत्रक आहे. पण हे चालू आहे, की नुसतं कागदावर?"
वकीलसाहेब तोंड उघडणार तोच बाहेर गोंधळ. शिपाई ओरडतोय, "ओ मावशी, आत जाता येत न्हाय!" आणि आत्तींचा आवाज, "तुझ्या साहेबानंच मागितलंय, सर की बाजूला!"
दार उघडलं. आत्ती. कडेवर एक, बोटाला एक, मागं रुक्मिणी आणि बाकी सगळी पलटण. फौंड्रीच्या टेम्पोतून आणलेली. प्रत्येकाला आंघोळ, पावडर, काजळ.
"रामराम साहेब. पुरावा मागितला न्हवं? ह्यो घ्या. मोजून घ्या."
वकीलसाहेबांचा चेहरा! मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.
पोरांनी आधी शिकवल्याप्रमाणं अधिकाऱ्यांच्या टेबलावर तिळाच्या वड्या ठेवल्या. मग न शिकवलेलं सुरू केलं. एकानं शाईचं पॅड उघडलं आणि दोन्ही पंजे वकीलसाहेबांच्या शर्टावर उमटवले. एक फाइलींच्या गठ्ठ्यावर चढलं. एक शिपायाच्या मांडीवर जाऊन बसलं, आणि शिपायानंही बसू दिलं.
अधिकारी हसले नाहीत. त्यांनी रुक्मिणीला विचारलं, "पाळणाघर नसतं तर?"
रुक्मिणीनं लेकीचा हात पुढं केला. तळहातावरची भाजलेली कातडी अजून गुळगुळीत आहे. "हे पाळणाघराच्या आधीचं, साहेब. नसतं तर मी कामावर नसते. मग साचं कुणी केलं असतं?"
मग अधिकारी आत्तींकडं वळून, "तुम्ही या बाईंच्या सासू ना?"
"व्हय की. सासू हाय म्हणून पोरं कमी रडत्यात का जास्ती?"
आता हसले. हसू दाबायला वडी तोंडात टाकली. "ठीक आहे. लेखी म्हणणं द्या. ऑर्डर पाठवू." 
बाहेर जिन्यात वकीलसाहेब शर्टाकडं बघत उभे. मला वाटलं नोकरी गेली. तर म्हणतात, "सुनंदाबाई, तीस वर्षं वकिली करतोय. असा साक्षीदार मला एकदाही मिळाला नाही."

२२ मार्च २००१
ऑर्डर आली. खर्च मंजूर. पूर्ण. "धंद्याच्या गरजेपोटी केलेला" असं स्वच्छ लिहिलंय!!!
मी ऑफिसातच रडले. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं.
मालकांनी पेढे पाठवले. कोअर शॉपमध्ये बायकांनी घमेली वाजवली म्हणे. प्र.नं त्याच्या कारखान्यात सगळ्यांना सांगितलं, "आमच्या आईनं टॅक्सवाल्यांना गप केलं." ज्याला आईनं पगार मागितलेला खपत नव्हता तो!
आत्तींनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "आता पगारवाढीचं बोल मालकाशी." मी उद्याच बोलणार आहे. आता मला कुणीच नाही म्हणू शकत नाही.

९ फेब्रुवारी २००४
मिरजेला आत्तींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. झालं नीट. खर्च त्यांच्या पोस्टातल्या पैशांतून, हट्टानं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "आज पाळणाघराचं दार कुणी उघडलं?" रुक्मिणीनं उघडलं, आत्ती. ती तुमच्या खुर्चीवर कुणालाच बसू देत नाही, स्वतःही बसत नाही.

१८ फेब्रुवारी
घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने एकटं सोडायचं नाही. प्र.ला रजा मिळणं शक्य नाही. मी बिनपगारी घेतली. बंटी शाळेतून आला की आजीला वॉकर धरून चालवतो, "एक पाय, दुसरा पाय" असं तिच्याच सुरात.
वकीलसाहेब बघायला आले होते. ते निघताना मी तोच जुना प्रश्न विचारला. म्हाताऱ्या माणसाचं करायला कमावती बाई घरी बसली, तर काही सूट? या वेळी हसले नाहीत. ऑफिसात जाऊन पुस्तक बघून संध्याकाळी फोन केला. "आजारपणाला थोडं आहे, अपंगत्वाला आहे. करणाऱ्यासाठी काही नाही, सुनंदाबाई. मी नीट शोधलं." शोधलं हे बरं वाटलं.

१ मार्च
सकाळी आत्तींना स्पंज करून, तेल लावून, वेणी घालून दिली. उठायला लागले तर हात धरला. उशीखालून पाकीट काढलं.
"हे काय?"
"एक तारीख हाय."
म्हटलं, "काहीतरीच काय, आत्ती? घरच्या माणसानं..." आणि जीभ चावली. हे वाक्य मी कुठं ऐकलंय ते आम्हा दोघींनाही माहीत. दारात उभ्या प्र.लाही.
आत्ती हसल्या नाहीत. "तवा मी घेतला न्हवं? डोळ्याला लावून घेतला. तू दिलास म्हणून मला कळलं, मी करतोय ते काम हाय. आता तुझं हे काय, खेळ हाय व्हय?"
मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "कमी वाटलं तर वाढीचं नंतर बोलू."
पाकीट खिडकीत ठेवलंय. दुपार झाली, अजून उचललेलं नाही. घ्यावं तर लाज वाटते, आणि नाही घेतलं तर मी त्यांना दिला तो पगार नव्हता, उपकार होता असं होईल. पलंगावरून त्या दर पाच मिनिटांनी आधी पाकिटाकडं बघतात, मग माझ्याकडं.