किशोर आणि कादंबरी

पूर्वा,
तू झोपली आहेस, म्हणून लिहून ठेवतो. वाचनालयाला द्यायच्या खोक्यातून तुझी लहानपणीची पुस्तकं मी परत काढली. हिंदी शाळेतली तू, कव्हरवर 'किशोर कादंबरी' वाचून ती दोघांची गोष्ट समजलीस आणि शेवटी भडकलीस, "बाबा, किशोर तर आलाच नाही, और ये कादंबरी किधर गई?" इतकी वर्षं पुस्तकांवर लिहितोय, पण इतका नेमका आक्षेप मला कधी सुचला नाही.

मोठ्यांच्या कादंबऱ्या खुशाल दे. त्यांत घर सोडावं की नाही यावर माणसं तीनशे पानं विचार करतात आणि गेली की परत येत नाहीत. मुलांच्या कादंबऱ्यांत पोरं न सांगता पळतात, पण जेवायच्या वेळेला दारात हजर असतात.

तुझ्या बंगळूरच्या बॅगेत त्यातली एक टाकली आहे. वजन जास्त झालं तर शेव काढ. आईला मी सांभाळतो.
बाबा