शंभराचे गठ्ठे

१४ जुलै

चि. छकुलीस,

अनेक आशीर्वाद. सुतारकामाचा कारखाना चालवणाऱ्या, सहा कारागीर हाताखाली असलेल्या एकतीस वर्षांच्या मालकीणबाईंना छकुली म्हणू नये, हे मला कळते. तरी पत्र फाडण्यापूर्वी वाचावेस. इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा सुधारतो आहे. माझी निवृत्ती आठ महिन्यांवर आली. तुझी खुशाली मी दाराआड उभा राहून, आईच्या फोनवरून ऐकतो.

पत्रास कारण सातवीचा वर्ग. सोमवारी सरळव्याज शिकवायला घेतले. फळ्यावर नेहमीप्रमाणे सूत्र लिहिले: मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. पहिल्या बाकावरच्या जाड चष्मेवालीने हात वर केला.

"सर, मुद्दल कळलं, दर कळला, मुदत कळली. हे शंभर मध्येच कुठून आले?"

वर्ग हसला. "सूत्रात आहे म्हणून" हे उत्तर तेहतीस वर्षे माझ्या जिभेवर तयार असते. या वेळी ते बाहेर पडेना. हाच प्रश्न मला पूर्वी एकीने विचारला होता.

मी सूत्र पुसले. तिथे 'दसादशे आठ' लिहिले आणि शब्द उलगडला: दर साल, दर शेकडा आठ. मग साडेसहाशे रुपयांचे शंभराशंभराचे गठ्ठे काढले. सहा पूर्ण, सातवा अर्धा. प्रत्येक गठ्ठा वर्षाला आठ रुपये देतो, अर्धा चार. झाले बावन्न. तीन वर्षांचे एकशे छप्पन्न. नंतर मुद्दाम मुदत नऊ महिने दिली, कारण दरवर्षी निम्मा वर्ग तिथेच घसरतो. बेचाळीसपैकी एकेचाळीस वह्यांत एकोणचाळीस आले! बेचाळिसावा पेन शोधत होता.

मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसल्या होत्या. "ही रीत कुठल्या पुस्तकातली हो?"

"पुस्तकातली नाही. माझ्या मुलीच्या पेपरातली," मी म्हणालो. असे म्हणताना छाती किती फुगली, ते कसे लिहू?

"मग तिला किती गुण दिलेत, सर?" चष्मेवालीच ती.

शून्य. वर्गाला खरे तेच सांगितले.

तुझे उत्तर बरोबर होते. पेपरात गठ्ठ्यांची चित्रे काढून अर्ध्या गठ्ठ्यालाही तू सुतळी बांधली होतीस. सूत्र नव्हते म्हणून मी चारही गुण कापले, आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "हिशेब तुझ्या डोक्याचा विषय नव्हे." मुले हसली. मीही हसलो. त्यानंतर तू एकही वही माझ्यापुढे आणली नाहीस. पोटच्या मुलीचीही गय न करणारा शिक्षक म्हणून मी मिरवलो. खरी गोष्ट अशी की, शंभर कुठून आले हे तेव्हा मलाच ठाऊक नव्हते.

आई सांगते, नुसत्या नजरेने तू किती लाकूड लागेल ते सांगतेस, आणि फळी उरत नाही. मी हे शिक्षकांच्या खोलीत इतक्यांदा सांगितले आहे की आता मी तोंड उघडले की लोक चहाला उठतात.

तो पेपर माझ्या कपाटात होता. काल लाल शाईने शून्य खोडले, चार लिहिले, सही केली. सोबत जोडला आहे. ते झाले मुद्दल. मुदत एकोणीस वर्षे. वर्ग लगेच व्याज काढायला बसला होता, पण मी थांबवले. दर कर्जदाराने ठरवायचा नसतो.

तो तू कळव.

तुझे देणे लागणारे,
बाबा