आवाज जपून ठेवला आहे

३ फेब्रुवारी
वही, माफ कर. महिनाभर तुला हात लावला नाही. तब्येत ठणठणीत होती. मुतखडा आणि हाडं दुखणं सोडून.
आज डॉक्टर म्हणाले, गळ्यात तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. तुमची एक फुगलीय. हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात सोडतेय. ऑपरेशन करून काढावी लागेल.
घाबरलो नाही. फक्त खुर्चीतून उठता आलं नाही.
रिक्षात उपाय सुचला. कॅल्शियम म्हणजे चुना. तंबाखूतला चुना बंद केला की ग्रंथी गप्प. एवढं शिकून डॉक्टरला सुचलं नाही.

५ फेब्रुवारी
चुना बंद. कोरड्या तंबाखूत काही राम नाही. कुसाबाई म्हणाली, चुना सोडला, मंग तंबाखू कोनासाठी ठेवली? बायकोला शास्त्र कळत नाही.

१२ फेब्रुवारी
कॅल्शियम आणखी वाढलं. लॅबची चूक. चुना परत सुरू.
ऑपरेशन मंगळवारी. डॉक्टर म्हणाले, आवाज थोडे दिवस बसू शकतो. क्वचित कायमचाही. शिवाय नंतर कॅल्शियम एकदम उतरतं, ओठांना-बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं.
मी आवाजापाशीच अडकलो. लासलगावला सगळी नोकरी कांद्याचा लिलाव पुकारण्यात गेली. ट्रॅक्टर चालू असले तरी शेवटच्या व्यापाऱ्याला ऐकू जायचं. माईक कधी घेतला नाही.
संतोष म्हणाला, अप्पा, घरात अजून लिलावच चालू असतो. आवाज बसला तर बिल्डिंगवाले पेढे वाटतील. पोटचा मुलगा!

१६ फेब्रुवारी
अ‍ॅडमिट. पहाटे गुपचूप देवळ्याला बहिणीकडे निघायचं, पक्कं ठरलं. चपला कॉटखाली तयार.
रात्री कुसाबाई चपला पिशवीत घालून इंदिरानगरला घरी घेऊन गेली. मी जाणार नव्हतोच.

१८ फेब्रुवारी, सकाळ
काल ऑपरेशन झालं. ग्रंथी निघाली. डॉक्टर म्हणाले, आजोबा, बोला काहीतरी. मी नुसती मान हलवली. आवाज जपून ठेवला आहे. गेला असेल तर आजच कशाला कळायला हवं?
कुसाबाई म्हणाली, अहो, एक शिवी तरी द्या. मी भिंतीकडे बघितलं. डोळे पुसून पेज आणायला घरी गेली.

दुपार
ओठांना मुंग्या. बोटांनाही. अक्षर बघ कसं येतंय.
बेल उशाशीच आहे. पण दाबली तर सिस्टर येऊन विचारणार, काय होतंय आजोबा? मग तोंड उघडावं लागेल.
वही, मी सगळं लिहून दिलंय. आता तूच कुणाला तरी कळव. लवकर.