खांबामागून १३५

११ जाने., रवि.
शेखरनं त्याच्या कॅमेऱ्याच्या दुकानातल्या दोन लेन्स वापरून बघायला दिल्या. ८५ आणि १३५ मिलिमीटर. शनिवारी एक ठेवायची, एक परत. दोन्ही झूम नसलेल्या, म्हणजे माणूस मोठा हवा तर आपणच पुढं सरकायचं. ८५ जवळची, माझ्या स्टुडिओतल्या चेहऱ्यांसाठी. १३५ लांबची, फुटबॉलसाठी. पोट स्टुडिओवर, जीव मैदानात. दोन्ही डगरींवर हात.

अण्णांचं ऑपरेशन १९ला. उजवा जबडा काढणार. कुस्ती सुटल्यावर धरलेली तंबाखू. डॉक्टर म्हणाले, चेहरा बदलेल, मनाची तयारी ठेवा. अख्ख्या पेठेचे फोटो काढले मी, आणि स्वतःच्या बापाचा एक धड फोटो घरात नाही. दिव्याखाली अंधार.

१२ जाने., सोम.
अण्णांना म्हटलं, स्टुडिओत चला, बसवून नीट काढतो. ऐकलं नाही. तालमीचा नियम आडवा आला. कुस्ती ठरली की निकाल लागेपर्यंत पैलवानानं फोटो काढून घ्यायचा नाही. वस्ताद म्हणून पोरांना आयुष्यभर तेच शिकवलं.
"ऑपरेशन म्हंजे काय मग? कुस्तीच की! झाल्यावर काढ. हरलो तरी काढ."
"अण्णा, पण झाल्यावर तोंड..."
चहा टाकायला उठलो.

१४ जाने., बुध.
संक्रांत. अण्णांना तिळगूळ चावत नाही. बायकोनं, सुनीनं, कुटून दुधात दिला. "गोड बोलायला तोंड ऱ्हायलं पायजे," म्हणाले. हसले ते एकटेच.

दुपारी मॅच. पूर्वार्धात ८५. बॉल पलीकडच्या गोलकडं गेला की सगळे खेळाडू बोटाएवढे. उत्तरार्धात १३५, गोलकीपरचे आवळलेले दात मोजता येतील इतकं जवळ. वाटलं, ठरलं.
संध्याकाळी स्टुडिओत तीच १३५ लावली तर समोरच्या बाईंचं नुसतं नाक आणि कुंकू. मागं सरकत सरकत भिंत, मग दार, मग पायरी. बाई म्हणाल्या, "दादा, निघालासा कुठं?"
काही ठरलं नाही.

१६ जाने., शुक्र.
केलं. चांगलं की वाईट, माहीत नाही.
अण्णा अजून रोज पहाटे तालमीत जाऊन आखाड्याच्या कडेला बसतात, पोरांना ओरडतात. आज मागोमाग गेलो. दारातल्या खांबाआड उभा राहिलो, १३५ लावून, शटरचा आवाज बंद करून. अकरा फोटो. ८५ नं झालंच नसतं, आखाड्यात उतरावं लागलं असतं.
नववा फोटो! कपाळाला लाल माती, खिडकीतला उजेड डाव्या गालावर, सूज सावलीत. माझा बाप, अख्खा.
चोरून काढला मात्र. त्यांचा एवढा एकच नियम होता.
सुनीला दाखवला. बराच वेळ बघत राहिली. "बरं केलंसा. पण मामांस्नी सांगू नका."

१७ जाने., शनि.
शेखरकडं आणखी दिवस मागितले. "बायको बघताना तरी एवढा येळ लावलातास काय रं?" म्हणाला. मग ऑपरेशनचं सांगितलं. ठेव म्हणाला, सवडीनं दे.

१९ जाने., सोम.
सात तास. डॉक्टर बाहेर आले, मास्क न काढताच बोलले. वाटलं होतं त्यापेक्षा पसरलंय. दिसलं तेवढं काढलं. मानेतली गाठ तपासायला पाठवलीय.
मी नियम-बियम मानणारा नाही. तरी सात तास त्या बाकड्यावर माझ्या डोक्यात एकच, फोटो, फोटो. कॅमेरा उघडला, नववा पुसायला गेलो. सुनीनं हातातून ओढून घेतला.
"गाठ काय शुक्रवारी आली काय? डोस्कं फिरलंय काय तुमचं?"
बरोबर आहे तिचं. तरी भीती वाटते, आणि स्वतःची लाजही.

२३ जाने., शुक्र.
अण्णांना बोलता येत नाही. नाकात नळी. पाटी-पेन्सिल दिली. पहिला शब्द लिहिला, "आरसा".
सुनी म्हणाली, नको. मी दिला. बघितलं, परत केला. मग भिंतीकडं तोंड करून निजले.
बाहेर जिन्यात जाऊन रडलो.

२७ जाने., मंगळ.
घरी आणलं. उजवा गाल आत गेलाय, ओठ एका बाजूला ओढलाय. अण्णा त्यावर रुमाल धरून बसतात, सुनीसमोरसुद्धा. गाठीचा रिपोर्ट शुक्रवारी.

२८ जाने., बुध.
सकाळी पाटीवर बोटानं ठोकून मला बोलावलं. आधीच लिहून ठेवलं होतं.
"खांबामागनं काढलास. बघितलंय मी. आता म्होरं बसून काढ. कुस्ती झाली."
मान हलवली.

आत येऊन नववा फोटो मोठा करून बघितला. इतके दिवस माती बघितली, उजेड बघितला, डोळे बघितलेच नव्हते. सरळ लेन्समध्ये बघतायत. दिसत होतो मी त्यांना, आणि तोंड फिरवलं नाही. पोराचा हट्ट म्हणून नियम मोडला? की कुस्तीचा निकाल त्यांना आधीच ठाऊक होता? विचारायचं धाडस नाही. पाटीवर उत्तर आलं तर ते पुसायचं कुणी?

१३५ खोक्यात घातली. ८५ लावली. म्हणजे चार-पाच फुटांवर बसावं लागणार, त्यांच्या समोर.
अण्णा खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलेत. सदरा बदललाय, फेटा सुनीनं बांधून दिला. रुमाल काढून मांडीवर ठेवलाय.
बॅटरी चार्ज होतेय, पाच मिनिटं थांबा, असं सांगून मी आत बसून हे लिहितोय. बॅटरी कालच भरलीय.